भिंतीपलीकडची चाहूल

बंद दाराआड कोणी आहे की नाही, हा प्रश्न पोलिसांना, अग्निशमन दलाला आणि आपत्तीनिवारण पथकांना वारंवार भेडसावतो. दार फोडून आत शिरणाऱ्या पहिल्या जवानाचे प्राण आणि ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसाचे प्राणही पुष्कळदा याच एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात. भिंतीला टेकवून धरता येईल एवढे लहान आणि पलीकडच्या माणसाची हालचाल, किंबहुना त्याचा श्वासही टिपणारे हातातील रडार हे या प्रश्नाला विज्ञानाने दिलेले उत्तर होय. मात्र जे उपकरण प्राण वाचवते, तेच घराच्या चार भिंतींनी दिलेला आडोसाही हिरावून घेऊ शकते.

लहरींचे गणित

प्रकाशकिरणांना विटांची भिंत अडवते, पण रेडिओलहरींना ती पूर्णपणे अडवू शकत नाही. बंद खोलीत मोबाइल फोन चालतो तो याच गुणधर्मामुळे. लहरींची कंप्रता वाढवत नेली, की भिंत त्यांना अधिकाधिक शोषून घेते. उलट कंप्रता फार कमी ठेवली, तर अँटेना मोठा लागतो आणि बारकावे हरवतात. या ओढाताणीतला मध्यममार्ग म्हणून बहुतेक उपकरणे काही गिगाहर्ट्झच्या टापूत काम करतात.

रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर अंतर कापते. लहरीला जाऊन परत यायचे असल्याने प्रतिध्वनीला लागलेला प्रत्येक नॅनोसेकंद म्हणजे वस्तूपर्यंतचे सुमारे १५ सेंटिमीटर अंतर. अडचण अशी, की प्रतिध्वनी केवळ माणसाकडूनच येत नाही. कपाट, पलंग आणि सर्वांत जोरकसपणे खुद्द भिंतही लहरी परत पाठवते. त्यातच लहरींना ही भिंत जाताना आणि येताना अशी दोनदा ओलांडावी लागते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या लिंकन प्रयोगशाळेने २०११ मध्ये काँक्रीटच्या भिंतीमागे पाहणाऱ्या एका मोठ्या रडारची माहिती जाहीर केली. त्या रडारकडे परतणाऱ्या संदेशाची शक्ती मूळच्या अवघी ०.००२५ टक्के उरत असे.

एवढ्या क्षीण संदेशातून माणूस वेगळा कसा काढायचा? याचे उत्तर हालचालीत आहे. स्थिर वस्तूंचे प्रतिध्वनी दरवेळी सारखेच असतात. लागोपाठच्या दोन मोजण्यांची वजाबाकी केली, की भिंत आणि फर्निचर गळून पडते आणि हलणारे तेवढे शिल्लक राहते. हलत्या वस्तूमुळे लहरीत होणाऱ्या बदलाचे तत्त्व ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडले होते.

माणूस निश्चल पडून राहिला, तरी त्याची छाती श्वासागणिक काही मिलिमीटर हलत असते. ३ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी १० सेंटिमीटर असते. छाती ५ मिलिमीटर पुढे आली, की लहरीचा जाण्यायेण्याचा प्रवास १० मिलिमीटरने, म्हणजे तरंगलांबीच्या दहाव्या हिश्शाने कमी होतो. इलेक्ट्रॉनिक मंडलाला एवढा फरक ओळखता येतो. विश्रांत अवस्थेतील प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. त्यामुळे श्वासाची लय पकडण्यासाठी उपकरण काही सेकंद भिंतीवर स्थिर धरावे लागते. धरणाऱ्याचा हात हलला, तर उपकरणाला तीही हालचालच वाटते.

प्रयोगशाळेतून पोलिसांच्या हाती

अमेरिकेच्या संघीय दूरसंचार आयोगाने २००२ मध्ये अतिविस्तृत पट्ट्यातील लहरींच्या वापरासाठी नियम केले. भिंतीआड पाहणारी साधने केवळ पोलीस, अग्निशमन आणि बचाव यंत्रणांनीच वापरावीत, असे बंधन त्यांत घालण्यात आले. २००६ च्या आरंभी 'दार्पा' या संरक्षण संशोधन संस्थेने 'रडार स्कोप' या उपकरणाची माहिती जाहीर केली. सुमारे पाऊण किलो वजनाचे आणि साध्या बॅटरी सेलवर चालणारे हे उपकरण १२ इंच काँक्रीटपलीकडे ५० फुटांपर्यंतची हालचाल ओळखेल, असे सांगण्यात आले होते.

पोलीस दलांत अधिक पसरले ते 'रेंज-आर' हे उपकरण. तत्कालीन एल-३ कम्युनिकेशन्स कंपनीच्या या उपकरणाची किंमत सुमारे ६ हजार डॉलर होती. ते चित्र दाखवत नाही. पलीकडे हालचाल आहे का आणि असल्यास किती अंतरावर, एवढेच त्याच्या छोट्या पडद्यावर उमटते. अमेरिकेतील किमान ५० तपास व पोलीस यंत्रणांकडे अशी रडार असल्याचे 'यूएसए टुडे' या दैनिकाने जानेवारी २०१५ मध्ये उघड केले, तेव्हा सर्वसामान्य अमेरिकी नागरिकाला या साधनाची प्रथमच ओळख झाली.

मर्यादा

हे साधन सर्वसाक्षी नाही. धातूच्या पत्र्यातून किंवा धातूचा पातळ पापुद्रा लावलेल्या आवरणातून या लहरी जात नाहीत. ओल धरलेली भिंतही त्या शोषून घेते. फिरता पंखा, हलणारा पडदा किंवा पाळीव कुत्रा फसवा इशारा देऊ शकतो. शिवाय आत कोणीतरी आहे, इतकेच रडार सांगते. तो ओलीस आहे, हल्लेखोर आहे की झोपलेले मूल, हे त्याला कळत नाही.

न्यायालयाच्या कसोटीवर

ओरेगन राज्यातील एका घराच्या बाह्य भिंतींची उष्णता पोलिसांनी १९९२ मध्ये रस्त्यावरून उष्णतादर्शक यंत्राने मोजली होती. आत दिव्यांच्या उष्णतेवर गांजाची लागवड चालल्याचा त्यांना संशय होता. 'किलो विरुद्ध अमेरिका' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ जून २००१ रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी निर्णय दिला. जे आत शिरल्याविना कळले नसते, ते सर्रास वापरात नसलेल्या उपकरणाने जाणून घेणे ही झडतीच होय आणि तिला वॉरंट हवे, असे न्यायालयाने ठरवले. न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी निकालपत्रात विकसित होत असलेल्या भिंतीआड पाहणाऱ्या रडारचाही उल्लेख केला होता.

पुढे कॅन्सस राज्यातील विचिटा येथे पॅरोलच्या अटी मोडणाऱ्या एका इसमाला पकडताना पोलिसांनी खरोखरच असे रडार वापरले. त्यांच्याकडे अटकेचे वॉरंट होते, झडतीचे नव्हते. डिसेंबर २०१४ मध्ये दहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने अन्य पुराव्यांच्या आधारे पोलिसांची कारवाई ग्राह्य धरली. तथापि, वॉरंटविना अशा साधनाचा घरावर वापर केल्याने घटनेच्या चौथ्या दुरुस्तीसंबंधी गंभीर प्रश्न उभे राहतात, असे न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी निकालपत्रात नमूद केले. गोर्सच पुढे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले.

ढिगाऱ्याखालचे ठोके

याच तत्त्वाची दुसरी बाजू एप्रिल २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतर दिसली. 'नासा'च्या जेट प्रपल्शन प्रयोगशाळेने अमेरिकी अंतर्गत सुरक्षा विभागाच्या सहकार्याने विकसित केलेले 'फाइंडर' हे सुटकेसच्या आकाराचे रडार चौतारा येथे नेण्यात आले. विटामातीच्या ढिगाऱ्याखाली, काही ठिकाणी १० फूट खोल अडकलेल्या चौघांच्या हृदयाचे ठोके त्याने टिपले आणि चौघांचीही सुटका झाली.

भारतातही या संशोधनाला चालना मिळाली आहे. नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ल्यात राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाच्या जवानांना ताज आणि ओबेरॉय-ट्रायडंट हॉटेलांच्या खोल्या एकामागून एक तपासत जावे लागले होते. बंद दाराआड काय आहे याची आधी चाहूल लागणे किती मोलाचे असते, हे त्या तीन दिवसांनी दाखवून दिले. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या बंगळुरू येथील प्रयोगशाळेने भिंतीआडची हालचाल टिपणारे 'दिव्यचक्षू' हे रडार विकसित केले आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. जळत्या इमारतीत किंवा ओलीसनाट्यात या रडारच्या वापरास कोणी आक्षेप घेणार नाही. प्रश्न आहे तो नित्याच्या तपासाचा. तेथे हे साधन भिंतीला लावण्यापूर्वी कोणाची परवानगी घ्यायची आणि केलेल्या वापराची नोंद कोठे ठेवायची, याचे नियम आधी ठरणे अगत्याचे आहे. कारण दारावर पडलेली थाप घरातल्याला ऐकू येते, भिंतीतून आलेली लहर मात्र त्याला कळतही नाही.