कोल्हापूर–पोलंड संबंध

कोल्हापूर–पोलंड संबंध : पूर्वीचे कोल्हापूर (करवीर) संस्थान आणि मध्य युरोपातील पोलंड यांच्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जुळलेले व अद्याप टिकून असलेले नाते. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूर शहराच्या पूर्वेला, पंचगंगेच्या काठी, वळिवडे येथे सुमारे ५ हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. भारतातल्या पोलिश वसाहतींत ती सर्वांत मोठी. या संबंधांचा सगळा इतिहास त्या वसाहतीभोवती फिरतो.

दोन देशांमधील संबंध म्हटले की राजदूत, करार, व्यापारी शिष्टमंडळे डोळ्यांसमोर येतात. येथे यांपैकी काहीच नव्हते. सुमारे ३,२०० चौरस मैलांच्या आणि अकरा लाखांच्या आसपास वस्तीच्या कोल्हापूर संस्थानाला स्वतःचा परराष्ट्र व्यवहार नव्हता. इतर संस्थानांप्रमाणे त्याचाही बाहेरच्या जगाशी संबंध ब्रिटिश सरकारमार्फतच येई, आणि त्यासाठी कोल्हापुरात रेसिडेंट बसलेला असे. आजचा पोलंड आकाराने जवळपास महाराष्ट्राएवढा. पण १९३९च्या सप्टेंबरात जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांनी तो वाटून घेतला आणि त्याचे सरकार आधी फ्रान्समध्ये, मग लंडनमध्ये आश्रयाला गेले. एकाकडे जमीन होती पण परराष्ट्र खाते नव्हते. दुसऱ्याकडे परराष्ट्र खाते होते पण पायाखाली जमीन नव्हती. या दोघांची गाठ पडली ती ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धकालीन गरजेतून. नाते मात्र त्या गरजेच्या फार पुढे गेले.

पूर्वपीठिका. युरोपाशी कोल्हापूरचा एक जुना, दुःखद धागा आहे. दुसरे राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासाहून परतताना इटलीतील फ्लॉरेन्स येथे वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि तेथे त्यांचे स्मारक उभे आहे. पोलंडशी मात्र संस्थानाचा महायुद्धापूर्वी थेट संबंध नव्हता. पोलिश माणसे शेजारच्या मुलखात दिसत होती. मूळचे वॉर्साचे अभियंते मॉरिस फ्रीडमन (भारतानंद) यांनी औंध संस्थानात अप्पासाहेब पंतांबरोबर काम केले. रयतेकडे कारभार सोपवणारी १९३९ची औंधची राज्यघटना आकाराला येण्यात त्यांचा वाटा होता. वांडा डिनोव्हस्का (उमादेवी) या गांधीवर्तुळातील पोलिश लेखिकेने पुढे फ्रीडमन यांच्यासह पोलिश–भारतीय ग्रंथमाला चालवली. मुंबईत पोलंडची वकिलात १९३०च्या दशकापासून होती. युद्धकाळात तेथे एउगेनिउश बानाशिन्स्की हे कॉन्सल जनरल होते. त्यांच्या पत्नी किरा बानाशिन्स्का पोलिश रेडक्रॉसचे काम पाहत. निर्वासितांना भारतात आणण्याच्या खटपटीत या दांपत्याचा मोठा हात होता. किराबाई पुढे भारतातच राहिल्या, हैदराबादला समाजकार्य केले आणि १९९१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

निर्वासित कोठून आले. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सरकारने पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना घराबाहेर काढून मालगाड्यांतून सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तरेकडील जंगलांत नेले. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला, तेव्हा चित्र पालटले. ३० जुलै १९४१ रोजी पोलिश पंतप्रधान जनरल सिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत मायस्की यांच्यात लंडनला करार झाला, कैदेतील पोलिश लोकांना सोडण्यात आले आणि जनरल आंडर्स यांच्या हाताखाली त्यांचे सैन्य उभे राहू लागले. १९४२ मध्ये हे सैन्य कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला गेले. त्याच्याबरोबर बायकामुले, म्हातारीकोतारी मिळून सदतीस हजारांच्या आसपास नागरिकही आले. पुरुष पुढे मध्यपूर्वेत आणि तेथून इटलीत लढायला गेले. कुटुंबांना ठेवायचे कोठे हा प्रश्न उरला. काही पूर्व आफ्रिकेत गेली, काही मेक्सिकोला, काही न्यूझीलंडला, आणि काही कराचीमार्गे हिंदुस्थानात आली.

हिंदुस्थानातील पहिली मोठी सोय १९४२ साली नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे केली. ती छावणी मुख्यतः अनाथ मुलांची होती. कुटुंबांसाठी मोठी जागा हवी होती. ती वळिवड्याला मिळाली.

वळिवड्याची वसाहत. जून १९४३ मध्ये पहिली तुकडी वळिवड्याला उतरली. ते दिवस डोळ्यांसमोर आणल्याशिवाय या नात्याची किंमत कळत नाही. त्याच जून महिन्याच्या ७ तारखेला, पुणे–मिरज लोहमार्गावर शेणोलीजवळ, ब्रिटिशांविरुद्ध समांतर कारभार चालवणाऱ्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी लुटली. सातारा–सांगलीकडच्या गावांत ब्रिटिशांचा अंमल डळमळीत झाला होता. खुद्द कोल्हापुरात प्रजापरिषदेची चळवळ पेटलेली होती. माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार या तिच्या नेत्यांची नावे घरोघरी माहीत होती. बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती आणि धान्याची टंचाई सगळ्यांना जाणवत होती. अशा वेळी ब्रिटिशांच्या दोस्तराष्ट्राचे पाच हजार गोरे लोक दाराशी आणून बसवले गेले. त्यांच्याकडे राज्यकर्त्यांचे सोयरे म्हणून पाहणे अगदी सोपे होते. वळिवडे, चिंचवाड, उचगाव या भागातील लोकांनी तसे पाहिले नाही. माझ्या मते या नोंदीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

वळिवडे निवडण्यामागे व्यवहारी कारणे होती. तेव्हा मीटरगेज असलेला मिरज–कोल्हापूर मार्ग गावाजवळून जात होता, त्यामुळे माणसे आणि सामान थेट आणता येई. पंचगंगेचे पाणी जवळ होते. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरची कोल्हापूरची हवा सायबेरियाच्या थंडीतून आणि इराणच्या तंबूंतून आलेल्या, मलेरिया व कुपोषणाने खंगलेल्या लोकांना मानवण्यासारखी होती. ज्यांना क्षयाची बाधा झाली होती त्यांना पाचगणीला पाठवत.

लांबच लांब बराकी, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर कौले. प्रत्येक बराकीचे कुटुंबागणिक भाग पाडलेले. बालाचडीला मुले एका पंगतीला जेवत. वळिवड्याला बहुतेक घरांत स्वतःची चूल पेटे, आणि हा फरक लहान नाही. तीन-चार वर्षे दुसऱ्याच्या हुकमाने जगलेल्या बायकांना पुन्हा स्वतःचा संसार मांडता आला. अनाथ मुलांसाठी स्वतंत्र अनाथालय होते. प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, शिक्षकांसाठी अध्यापन वर्ग, हस्तव्यवसायाचे शिक्षण, दवाखाना, चर्च, नाट्यगृह असे एका लहान पोलिश गावाला लागणारे सगळे होते. बालवीर चळवळ जोरात होती. तिच्या कामासाठी सैन्यातून आलेल्या झ्जिस्वाव पेश्कोव्हस्की यांची नोंद केली पाहिजे. सोव्हिएत संघाने पोलिश अधिकाऱ्यांची जी कत्तल कातीनच्या जंगलात केली, तिच्यातून वाचलेल्या थोड्यांपैकी ते एक. पुढे ते धर्मगुरू झाले आणि कातीनच्या मृतांची स्मृती जागती ठेवण्यात त्यांनी आयुष्य घालवले. वळिवड्याच्या पोरांना तंबू ठोकायला आणि गाठी मारायला शिकवणारा हा तरुण काय पाहून आला होता, हे भोवतालच्या कोल्हापूरकरांना ठाऊक असण्याची शक्यता नव्हती.

कारभार आणि राजनय. आजच्या लोकप्रिय कथनात कोल्हापूरच्या महाराजांनी पोलिश लोकांना आश्रय दिला असे सांगतात. हे वाक्य जपून वापरायला हवे. तिसरे राजाराम महाराज नोव्हेंबर १९४० मध्ये वारले होते. दत्तक घेतलेले शिवाजी महाराज जून १९४३ मध्ये दोन वर्षांचेही नव्हते. ते सप्टेंबर १९४६ मध्ये बालवयातच निवर्तले आणि १९४७ मध्ये देवासचे विक्रमसिंहराव शहाजी महाराज म्हणून गादीवर आले. म्हणजे वसाहतीच्या पाच वर्षांतील बहुतेक काळ गादीवर अज्ञान बालक होते. राज्यकारभार राजमाता ताराबाई महाराणीसाहेब आणि रीजन्सी मंडळ पाहत होते, आणि त्यांच्यावर रेसिडेंटची नजर होती. संस्थानाने आपल्या मुलखात जागा दिली. छावणी उभारली ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने. आतला कारभार पोलिश अधिकाऱ्यांकडे होता. म्हणून बालाचडीत जामसाहेबांचे जसे एक ठसठशीत व्यक्तिमत्त्व उभे राहते, तसे वळिवड्यात राहत नाही. वॉर्सामध्ये ‘भल्या महाराजांचा चौक’ आहे, तो जामसाहेबांचा. कोल्हापूरच्या बाजूने नाव घ्यायचे तर रयतेचेच घ्यावे लागते, आणि कोल्हापूरसाठी हा मान मी कमी समजत नाही.

जुलै १९४५ मध्ये या राजनयाचा पायाच निखळला. याल्टा परिषदेनंतर पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघाकडे गेला. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातील कम्युनिस्ट सरकारला दिली. वळिवड्यातील बहुतेक कुटुंबे त्या पूर्व भागातलीच. युद्ध जिंकलेल्या बाजूला असूनही त्यांचे गाव आता पोलंडमध्ये नव्हते. त्यांचे भवितव्य आधी संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन प्रशासनाकडे आणि नंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे सोपवले गेले.

आर्थिक बाजू. कोल्हापूर आणि पोलंड यांच्यातला व्यापार दोघांच्या तिजोऱ्यांमध्ये कधीच झाला नाही. तो छावणीच्या फाटकाशी झाला. ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारला कर्जाऊ दिलेल्या पैशातून छावणीचा खर्च चाले, आणि त्यातून कुटुंबांना मिळणारा भत्ता रुपयांत हातात पडे. तो खर्च होई आसपासच्या शेतकऱ्यांकडच्या भाजीवर, दुधावर, अंड्यांवर, कोंबड्यांवर, लाकूडफाट्यावर. बराकी बांधायला, पाणी आणि सफाई पाहायला गावची माणसे लागली. कोल्हापूर शहरातील कापडवाले, शिंपी, चांभार, टांगेवाले यांना नवे गिऱ्हाईक मिळाले. लंडनच्या खजिन्यातून निघालेला पैसा असा वळिवड्याच्या बाजारात एखाद्या माळणीच्या कनवटीला पोचत होता. छावणीतल्या दुकानदारांनी कामापुरती पोलिश उचलली, मुलांनी मराठी. भाव करता करता शिकलेली भाषा पक्की बसते. पुढे ऐंशी-नव्वदीत पोचलेल्या त्या मुलांच्या तोंडी मराठी शब्द शिल्लक होते.

पाच वर्षे माणसे शेजारी राहिली की केवळ देवघेव उरत नाही. छावणीतल्या एका मुलीने कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न केले आणि सगळे निघून गेले तरी ती येथेच नांदली. जे आजारपणाने किंवा वयाने गेले, त्यांच्या कबरी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. पंचगंगेकाठी दुसऱ्या देशाची माती झालेली ही माणसे आणि आर्नोकाठचे राजाराम महाराज यांची आठवण एकमेकांशेजारी ठेवावीशी वाटते.

वसाहतीचा शेवट. १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाल्यावर तेथील मुलांपैकी बरीच वळिवड्याला आली. १९४७ पासून पांगापांग सुरू झाली. ज्यांचे नातलग आंडर्स यांच्या सैन्यात होते ते ब्रिटनला गेले. काही पूर्व आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत, कॅनडात स्थायिक झाले. पोलंडला परतणारे थोडे. १९४८ मध्ये वसाहत रिकामी झाली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. या नात्यातील एक पक्ष राजकीय अर्थाने संपला.

त्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना जागा देण्यात आली. एका देशाच्या फाळणीतून उठलेल्यांच्या जागी दुसऱ्या देशाच्या फाळणीतून उठलेले आले. त्या वस्तीचे गांधीनगर झाले आणि घाऊक कापडाची बाजारपेठ म्हणून ते आज पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमाभागात प्रसिद्ध आहे. लग्नाचा बस्ता बांधायला तेथे जाणाऱ्या फार थोड्यांना जुनी वस्ती कोणाची होती याची कल्पना असते.

आधुनिक संबंध. भारत आणि पोलंड यांच्यात राजनैतिक संबंध १९५४ मध्ये सुरू झाले, पण कम्युनिस्ट राजवटीत सायबेरियाच्या हद्दपारीबद्दल उघड बोलणे शक्य नव्हते, त्यामुळे वळिवड्याचा उल्लेखही पोलंडमध्ये दबून राहिला. आठवण जपली ती परदेशात पांगलेल्यांनी. लंडनमध्ये ‘भारतातील पोलिश मंडळ १९४२–४८’ या नावाने ते एकत्र येत राहिले, आणि आपल्या आठवणींचा जाडजूड ग्रंथ त्यांनी २००० साली पोलिश भाषेत काढला. १९८९ मध्ये राजवट बदलल्यावर येण्याजाण्याचा मार्ग मोकळा झाला. १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या माणसांनी कृतज्ञतेचा स्मृतिस्तंभ उभारला. वॉर्सात मोंते कासिनोच्या युद्धस्मारकाजवळ २०१७ मध्ये कोल्हापूरच्या नावाचा फलक बसला. मोंते कासिनो येथे १९४४ मध्ये आंडर्स यांच्या सैन्याने निर्णायक चढाई केली होती. वळिवड्यात वाट पाहणाऱ्या कितीतरी घरांचे बाप आणि भाऊ त्या सैन्यात होते, म्हणून ही जागा योग्य आहे.

सप्टेंबर २०१९ मध्ये पोलंडचे परराष्ट्र उपमंत्री मार्चिन प्शिदाच कोल्हापूरला आले. त्यांच्याबरोबर छावणीत वाढलेले काही वृद्धही होते. त्या वेळी वळिवड्यात स्मारकस्तंभाचे अनावरण झाले. २१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वॉर्सातील कोल्हापूर स्मारकाला पुष्पचक्र वाहिले. भारतीय पंतप्रधानांची पोलंडला ही ४५ वर्षांनंतरची भेट होती. त्याच दौऱ्यात दोन्ही देशांनी आपले संबंध धोरणात्मक भागीदारीच्या पातळीवर नेले, आणि दरवर्षी २० पोलिश तरुणांना भारतात बोलावण्याची योजना जाहीर झाली. योजनेला नाव जामसाहेबांचे आहे.