ब्राँझ पात्रे, कोरीव लेखांची चिनी
प्राचीन चीनमध्ये पितरांच्या पूजाविधीसाठी घडविलेली व लेख असलेली धातुपात्रे. शांग (इ. स. पू. सु. १६००–१०४६) आणि पश्चिम चौ (इ. स. पू. सु. १०४६–७७१) या वंशांच्या इतिहासाची ती समकालीन व म्हणूनच महत्त्वाची साधने होत. अन्न शिजविण्याचे तीन वा चार पायांचे ‘डिंग’, धान्यान्नाचे ‘ग्वे’, मद्याचे ‘ज्वे’ व ‘झुन’ आणि पाण्याचे पसरट ‘पान’ हे त्यांतील प्रमुख प्रकार.

तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रधातूचा रस मातीच्या अनेक तुकड्यांच्या साच्यात ओतून ही पात्रे करीत. लेख बहुधा आतील बाजूस असे आणि तो पात्राबरोबरच ओतला जाई. नंतर कोरण्याची पद्धत मुख्यत्वे उत्तरकालीन होय. आन्यांग येथे १९३९ मध्ये सापडलेल्या डिंगचे वजन ८३२ किग्रॅ. हून अधिक आहे. एवढे धातुकाम राजसत्तेच्या आधाराविना अशक्य होते.

शांगकालीन लेख बहुतेक आखूड असून त्यांत कुलचिन्ह किंवा पितराचे नाव एवढेच आढळते. तथापि तेवढ्यानेही इतिहास उलगडतो. आन्यांग येथे १९७६ मध्ये उघडकीस आलेल्या एका अभंग थडग्यातील अनेक पात्रांवर ‘फू हाव’ हे नाव होते. वू डिंग राजाच्या या राणीचा उल्लेख प्रश्नास्थींवरील लेखांत पूर्वीच ज्ञात होता. त्यामुळे थडग्याची मालकी व काळ निश्चित झाला.

चौ काळात लेख विस्तृत झाले. राजाने दिलेले पद, दान वा प्रशंसा नमूद करून पात्र पूर्वजास अर्पण करावयाचे व वंशजांनी ते सदैव वापरावे अशी इच्छा व्यक्त करावयाची, असा त्यांचा सामान्य क्रम असे. शान्शी प्रांतात १९७६ मध्ये मिळालेल्या ‘ली ग्वे’ या पात्रावर चौ राजा वू याने शांगांवर केलेल्या स्वारीचा उल्लेख आहे. त्यातील ‘ज्याझ’ हा दिवस ग्रंथपरंपरेशी जुळतो. वर्ष मात्र लेखात नाही; इ. स. पू. १०४६ हे २००० मध्ये जाहीर झालेल्या चिनी कालगणना-प्रकल्पाने सुचविलेले वर्ष होय. १९६३ मध्ये सापडलेल्या ‘हे झुन’ पात्रावरील १२२ अक्षरांच्या लेखात ‘मध्यदेश’ या अर्थाचा ‘जुंगक्वो’ हा शब्द सर्वप्रथम आढळतो. तैपेई येथील ‘माव गुंग डिंग’ या पात्रावरील लेख सु. ५०० अक्षरांचा असून तो ज्ञात लेखांत सर्वांत मोठा आहे.

या लेखांचा उपयोग सावधगिरीनेच करावा लागतो. पितरांपुढे ठेवावयाच्या पात्रावर अपयश सहसा लिहिले जात नसे. १९७६ मध्येच मिळालेल्या ‘शर च्यांग पान’ या पात्रावरील २८४ अक्षरांच्या लेखात चौ राजा जाव याच्या दक्षिणेकडील मोहिमेची स्तुती आहे. त्याच मोहिमेत त्याचा अंत झाला, असे ग्रंथपरंपरा सांगते. लेख त्याबाबत मौन पाळतो. शिवाय लुटीतून बाजारात आलेल्या पात्रांचे मूळ स्थळ कळत नाही आणि बनावट लेखांचाही धोका असतो.

या लेखांचा पद्धतशीर अभ्यास सुंग काळात (९६०–१२७९) सुरू झाला. ल्यू दालिन याचा *खावगू तू* (१०९२) हा सचित्र ग्रंथ त्यातील महत्त्वाचा टप्पा आहे. आधुनिक काळात उत्खननांमुळे या अभ्यासास स्थळकाळाचा भक्कम आधार लाभला. पात्र कोठे व कशासोबत सापडले, हे त्यावरील लेखाइतकेच बोलके असते.