व्हॅलेंटाइनचें शिवचित्र व त्याचा चित्रकार

श्रीशिवछत्रपतींचें अस्सल चित्र कोणतें, हा प्रश्न इ. स. १९३३ मध्यें कै. वा. सी. बेंद्रे यांनीं निकालांत काढला असें समजलें जातें, व एका अर्थीं तें खरेंही आहे. इब्राहीमखान नांवाच्या भलत्याच सरदाराचें चित्र महाराजांचें म्हणून तोंपर्यंत रूढ झालें होतें. तें दूर सारून बेंद्र्यांनीं अस्सल चित्र लोकांपुढें ठेविलें. परंतु चित्र कोणाचें हें ठरल्यानें तें कोणीं काढलें हेंही ठरतें, असें नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत एका संग्राहक स्नेह्यांनीं एक चौकटींतील ताम्रमुद्रित चित्र माझ्याकडे आणलें. त्याच्या पाठीवर सुवाच्य बाळबोधींत मजकूर होता. इ. स. १६६४ त सुरतेच्या डच वखारीचा गव्हर्नर व्हॅलेंटाइन यानें महाराजांची भेट घेऊन हें चित्र समक्ष काढविलें, असा त्याचा आशय. हीच कथा आज अनेकांच्या तोंडीं आहे. मीं स्नेह्यांस एवढेंच विचारलें कीं, हा व्हॅलेंटाइन जन्मला केव्हां?

फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन हा हॉलंडांतील डोर्ड्रेख्त गांवीं इ. स. १६६६ त जन्मला. म्हणजे सुरतेच्या स्वारीनंतर दोन वर्षांनीं! शिवाय तो गव्हर्नर नव्हे, धर्मोपदेशक. त्याचें पूर्वेकडील आयुष्य मुख्यतः आंबोइना बेटांत गेलें. स्वारीच्या वेळीं सुरतेच्या डच वखारीचा मुख्य डर्क व्हान आड्रिखेम हा होता. व्हॅलेंटाइनचा पूर्व इंडियावरील पांच खंडांचा ग्रंथ इ. स. १७२४ ते १७२६ या काळांत छापला गेला. महाराज कैलासवासी होऊन तेव्हां चव्वेचाळीस वर्षें लोटलीं होतीं. पोथीच्या पुष्पिकेंत शेवटच्या लेखकाचें नांव असावें व तोच कर्ता म्हणून भोळ्या वाचकानें धरावा, तसाच हा प्रकार झाला आहे. व्हॅलेंटाइन हा लेखक. आदर्श प्रत निराळी.

ती शोधावयाची तर सुरत सोडून गोवळकोंड्याकडे वळलें पाहिजे. आम्स्टरडॅमचा नगराध्यक्ष निकोलास विट्सेन (१६४१–१७१७) याच्या संग्रहांत हिंदुस्थानांतील राजेरजवाड्यांचीं एकूणपन्नास चित्रें होतीं; तो चित्रसंग्रह आज त्याच शहरांतील राइक्स संग्रहालयांत आहे. त्यांत महाराजांचें चित्र आहे. हीं चित्रें इ. स. १६८६ च्या सुमारास गोवळकोंड्याच्या कलमेंत झालेलीं असून चित्रकारानें आपलें नांव घातलेलें नाहीं. अशीं चित्रें तेथें परकीय व्यापाऱ्यांकरितां संचानें तयार होत. महाराज इ. स. १६७७ त भागानगरास कुतुबशहाच्या भेटीस गेले होते. अर्थात् तेथील एखाद्या चितारीच्या दृष्टीस ते पडले असण्यास जागा आहे. मात्र हा तर्क होय, प्रमाण नव्हे. व्हॅलेंटाइनच्या ठशाचें कूळ याच परंपरेंत पाहावें, असें माझें मत आहे.

चित्रकाराचें नांव निश्चित ठाऊक असलेलें चित्र निराळें. तें मनुचीनें करविलेलें, अश्वारूढ महाराज व सभोंवतीं पायदळ असें आहे, आणि सध्यां पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. चित्रकार मीर महंमद, शहाजादा शहाआलमच्या पदरचा. मनुचीनें इ. स. १६६५ त मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणींत महाराजांस स्वतः पाहिलें होतें, त्यांच्याशीं बोलणेंही झालें होतें. पण कुंचला कांहीं मनुचीच्या हातांत नव्हता.

लेखी वर्णनांचा पडताळा घेतां कांहीं गोष्टी जुळतात, कांहीं जुळत नाहींत. सुरतेच्या इंग्रज पाद्र्याचें इ. स. १६६४ चें पत्र व आग्र्याहून आलेलीं राजस्थानी पत्रें बेताची उंची व गौर वर्ण सांगतात. फ्रेंच प्रवासी थेवेनो बेताची उंची मान्य करतो, पण वर्ण सांवळा म्हणतो. पाद्र्यानें आपण इतरांकडून ऐकलें तें लिहीत असल्याचें स्पष्ट म्हटलें आहे. आग्र्याचीं पत्रें महाराज त्या शहरीं असतांनाच तेथून लिहिलेलीं. म्हणून वर्णाबाबत मीं त्यांस वरचढ मानतों. डोळ्यांच्या चपळपणाविषयीं पाद्री व थेवेनो या दोघांचेंही एकमत आहे.

संग्राहकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मोगल काळच्या चित्रांत जाम्याचे बंद डाव्या काखेखालीं असले तर व्यक्ति हिंदु, उजव्या काखेखालीं असले तर मुसलमान, अशी ओळख सांगतात, व ती बहुधा खरी ठरते. परंतु तांब्याच्या पत्र्यावर जशीच्या तशी नक्कल कोरली म्हणजे ठसा उलटा उमटतो. डावें तें उजवें होतें. हा विवेक केवळ छापील पानावर विसंबणाऱ्यास राहत नाहीं.

स्नेही पाठीवरचा मजकूर खरवडून टाकण्यास निघाले होते. तो मजकूर त्यांच्या तीर्थरूपांच्या हातचा आहे. मीं त्यांस तसें करूं दिलें नाहीं. खालीं निराळ्या शाईनें, तिथीसह, व्हॅलेंटाइनचें जन्मवर्ष मात्र लिहविलें.