कोळ्यांना लाभलेला अपवाद

१/ प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा अधिकृत कालारंभ १ जानेवारी १७५८ हा मानला जातो. त्याआधीचे नाव कितीही अचूक असले, तरी ग्राह्य नाही. या नियमाला अपवाद एकच, आणि तो कोळ्यांचा. (थ्रेड)

२/ कार्ल अलेक्झांडर क्लर्क (१७०९–१७६५) याला आर्थिक ओढगस्तीमुळे उप्साला विद्यापीठ अर्ध्यावर सोडावे लागले. पुढे तो स्टॉकहोमच्या नगरप्रशासनात नोकरी करू लागला. लिनियसच्या एका व्याख्यानाने त्याला निसर्गाभ्यासाची गोडी लागली, असे म्हणतात.

३/ १७५७ मध्ये त्याचा स्वीडनमधील कोळ्यांवरील सचित्र ग्रंथ स्वीडिश आणि लॅटिन अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक कोळ्याला दोन शब्दांचे नाव होते.

४/ त्यांपैकी एक म्हणजे भिंतींवर उड्या मारत शिकार करणारा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा लहानसा कोळी. तो भक्ष्यासाठी जाळे विणत नाही. समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांनी अंतर जोखून झेप घेतो. क्लर्कने त्याला ‘आरानेउस सेनिकस’ म्हटले. ‘सेनिकस’ म्हणजे रंगभूमीशी संबंधित.

५/ पुढच्याच वर्षी लिनियसच्या ‘सिस्टेमा नॅचुरे’ची दहावी आवृत्ती निघाली आणि प्राणिनामकरणाचा आरंभबिंदू ठरली. तीत हाच कोळी ‘आरानेआ सेनिका’ होता. नियम काटेकोरपणे लावला असता, तर शिष्यवत क्लर्कचे श्रेय गुरूच्या नावे जमा झाले असते.

६/ नामकरण संहितेने यावर तोडगा काढला : क्लर्कचा ग्रंथही १ जानेवारी १७५८ रोजीच प्रसिद्ध झाला असे समजावे, आणि त्यातील नावांना लिनियसच्या नावांपेक्षा अग्रक्रम द्यावा. कायद्याच्या सोयीसाठी एका ग्रंथाचे साल बदलले गेले! म्हणूनच आज वंशनाम ‘आरानेआ’ नव्हे, ‘आरानेउस’ आहे.

७/ पट्टेरी कोळी मात्र त्या वंशात राहिला नाही. १८०४ मध्ये फ्रेंच अभ्यासक लात्रेय याने त्याच्यासाठी ‘साल्टिकस’ हा वंश स्थापला. क्रांतिकाळात तुरुंगात पडलेल्या याच लात्रेयची सुटका कोठडीत सापडलेल्या एका दुर्मीळ भुंगेऱ्यामुळे झाली होती.

८/ ‘साल्टिकस’वरून ‘साल्टिसिडी’ हे कुलनाम आले. सहा हजारांहून अधिक जातींचे हे कोळ्यांचे सर्वांत मोठे कुल.

९/ त्याच कुलातील एका नव्या जातीचे वर्णन २०२१ मध्ये ठाणे परिसरातून झाले : ‘आयसियस तुकारामी’. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक धरून ठेवत प्राण देणारे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ हे नाव आहे. क्लर्कचे नाव टिकवणारा अग्रक्रमाचा नियम आता या नावाचेही रक्षण करतो.