स्टॅफर्डशायरचा ओटकेक: भारतीय पोळीचे इंग्रजी अपत्य?

इंग्लंडच्या मध्यभागी असलेल्या स्टोक-ऑन-ट्रेंट या शहरात शनिवार-रविवारच्या न्याहारीला जो पदार्थ तव्यावर पडतो, तो पाहून कोकणातला माणूस त्याला बेलाशक घावन म्हणेल. पातळ, मऊ, तपकिरी, अंगावर बारीक जाळी असलेला आणि ताटलीएवढा गोल. आत चीज आणि बेकन घालून त्याची गुंडाळी करतात आणि ती गरम असतानाच खातात. त्याचे नाव स्टॅफर्डशायर ओटकेक. नावात ‘केक’ असला तरी तो गोड नसतो. जुन्या इंग्रजीत कोणत्याही चपट्या गोल भाकरीला केक म्हणत, तोच हा अर्थ.

या ओटकेकविषयी एक कथा फार आवडीने सांगितली जाते. उत्तर स्टॅफर्डशायरच्या पलटणीतील शिपाई हिंदुस्थानात चाकरीला आले, तेथे त्यांना चपातीची गोडी लागली, आणि मायदेशी परतल्यावर त्यांनी हाताशी असलेल्या ओटच्या पिठातून तिची नक्कल केली. तोच हा ओटकेक, अशी ती कथा. शहरात त्याला थट्टेने ‘पॉटरीजचा पापड’ही म्हणतात, त्यामुळे कथेला आणखी बळ मिळते.

कथा दोन्ही बाजूंना सोयीची आहे. इंग्रज सांगणाऱ्याला गावच्या साध्या पदार्थामागे साम्राज्याचा एक रम्य पडदा मिळतो, आणि भारतीय ऐकणाऱ्याला राज्यकर्त्यांच्या पोटावर राज्य केल्याचे समाधान. अशा दुहेरी सोयीच्या कथांची तपासणी फारशी कोणी करत नाही. या कथेची तपासणी मात्र सहज करता येते, कारण तिच्यात पलटणीचे नाव आहे, आणि पलटणींच्या तारखा उपलब्ध असतात.

‘नॉर्थ स्टॅफर्डशायर रेजिमेंट’ या नावाची पलटण १८८१ साली अस्तित्वात आली. ६४ वी आणि ९८ वी अशा दोन जुन्या पायदळ पलटणी एकत्र करून ती बनवण्यात आली. यांपैकी ६४ वी पलटण हिंदुस्थानला चांगली परिचित होती. १८५६ साली मुंबईहून इराणवर जी मोहीम निघाली तिच्यात ती होती, आणि पुढच्याच वर्षी हॅवलॉकच्या फौजेबरोबर ती कानपूरच्या लढायांत उतरली. म्हणजे कथा खरी मानायची, तर ओटकेकचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या मागे नेता येत नाही.

येथे एक साक्षीदार उभा राहतो: जेम्स बॉसवेल, डॉ. सॅम्युअल जॉन्सनचा चरित्रकार.

जॉन्सनचा जन्म १७०९ साली स्टॅफर्डशायरमधील लिचफील्ड या गावी झाला. १७५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या इंग्रजी शब्दकोशात ‘ओट’ या धान्याची व्याख्या देताना त्याने स्कॉटलंडला एक चिमटा काढला होता: इंग्लंडात हे धान्य घोड्यांना घालतात, स्कॉटलंडात मात्र त्यावर माणसे जगतात, अशा आशयाचा. बॉसवेल स्कॉटिश होता. हा चिमटा तो विसरला असेल, असे मानायला जागा नाही.

१७७६ साली जॉन्सन बॉसवेलला आपल्या जन्मगावी घेऊन गेला. तेथे न्याहारीला काय आले, तर ओटकेक! बॉसवेलने त्याची नोंद करताना दोन गोष्टी आवर्जून सांगितल्या. एक, हे ओटकेक स्कॉटलंडमधल्यासारखे कडक नव्हते, यॉर्कशायरकडच्यासारखे मऊ होते. दुसरी, घोड्यांचे म्हणून हिणवलेले धान्य खुद्द डॉक्टरसाहेबांच्या गावात माणसे इतक्या सर्रास खातात, हे पाहून आपल्याला मौज वाटली. वीस वर्षांपूर्वीच्या चिमट्याची ही परतफेड होती, आणि तिच्या ओघात अन्नाच्या इतिहासाला एक पक्की तारीख मिळून गेली.

त्या १७७६ साली ६४ वी पलटण कोठे होती? अटलांटिकपलीकडे, अमेरिकन बंडखोरांशी लढत. ‘स्टॅफर्डशायर’ हे नावदेखील तिला अजून चिकटले नव्हते. ते १७८२ साली मिळाले. ९८ वी पलटण तर १८२४ साली उभी राहिली. ज्या शिपायांनी ओटकेक हिंदुस्थानातून आणला म्हणतात, त्यांच्या पलटणीला जिल्ह्याचे नाव मिळण्याआधीच तो त्या जिल्ह्यात न्याहारीच्या ताटात होता.

काटेकोरपणे पाहता एक शंका उरते. लिचफील्ड जिल्ह्याच्या दक्षिणेला आहे, आणि ओटकेकचे आजचे माहेरघर स्टोक तिथून सुमारे ५० किलोमीटर वायव्येला. परंतु ही शंका कथेच्या मदतीला येत नाही. स्टोक हे डोंगराळ उत्तरेच्या अधिक जवळ आहे, आणि मऊ ओटकेकची परंपरा त्या उत्तरेचीच होती. बॉसवेलला यॉर्कशायर आठवले ते उगाच नव्हे.

तारखा क्षणभर बाजूला ठेवल्या, तरी खुद्द पदार्थही कथेच्या विरुद्ध साक्ष देतो. चपातीची कणीक मळतात, लाटतात, आणि ती आंबवत नाहीत. स्टॅफर्डशायरचा ओटकेक लाटला जात नाही. यीस्टने फुगवलेले सरसरीत पीठ पळीने तव्यावर ओततात. चपातीची नक्कल करायला बसलेला शिपाई आंबवलेल्या पिठाचे घावन घालून का उठेल?

मग हे साम्य आले कुठून? त्याचे उत्तर धान्यात आहे.

गव्हाच्या पिठात पाणी घातले की ग्लूटेनचे चिवट, ताणले जाणारे जाळे तयार होते. म्हणून पोळी लाटता येते आणि पाव फुगतो. ओट, ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांच्या पिठाला असा ताण नसतो. लाटायला जावे तर ते फाटते. अशा पिठाची पातळ भाकरी करायची तर दोन वाटा सोप्या: एक तर गोळा हाताने थापायचा, नाहीतर पीठ पातळ करून तव्यावर पसरायचे. महाराष्ट्रात पहिल्या वाटेवर भाकरी आहे आणि दुसरीवर घावन-आंबोळी. उत्तर इंग्लंडमध्येही या दोन्ही वाटा होत्या, आणि त्या तिथल्या बायकांना कोणी हिंदुस्थानातून शिकवायची गरज पडली नाही.

पहिल्या वाटेची नोंद सेलिया फाइन्स या प्रवासी स्त्रीने केली आहे. घोड्यावर बसून सारे इंग्लंड पालथे घालणारी ही बाई १६९८ साली केंडल भागात पोहोचली. तेथे ओटच्या पिठाचा गोळा गोल फळीवर ठेवून, हाताने थापत थापत, मधून कडेकडे सरकवत कागदासारखा पातळ करतात आणि लोखंडी पत्र्यावर भाजतात, हे तिने बारकाईने लिहून ठेवले. या भाकरीचे नाव ‘क्लॅप ब्रेड’, म्हणजे अक्षरशः थापलेली भाकरी. काठवटीत भाकरी थापणाऱ्या कोणाही मराठी बाईला ते वर्णन वाचून वेगळा खुलासा लागणार नाही.

दुसरी वाट यॉर्कशायरच्या डोंगराळ पश्चिम भागाची. तेथे आंबवलेले पातळ पीठ फळीवर घेऊन एका झटक्यात तापल्या तव्यावर लांबट पट्टीसारखे टाकत, आणि भाजलेले ओटकेक छताखाली टांगलेल्या लाकडी चौकटीवर वाळत घालत. जॉर्ज वॉकरने १८१४ साली प्रसिद्ध केलेल्या यॉर्कशायरच्या वेशभूषांच्या चित्रसंग्रहात ओटकेक करणाऱ्या स्त्रीचे एक स्वतंत्र चित्रच आहे. स्टॅफर्डशायरचा ओटकेक याच घराण्यातला. शेजारच्या डार्बीशायरमध्ये त्याचा किंचित जाड भाऊ आजही मिळतो.

हे घराणे ओटवर जगले ते आवडीपेक्षा हवामानामुळे. पेनाइन डोंगररांगेच्या उतारांवर पाऊस फार, ऊन थोडे आणि जमीन आम्लधर्मी. तेथे गहू नीट पिकत नाही, ओट पिकतो. भट्टी पेटवायला जळण पुष्कळ लागते, तव्याला थोडे. त्यामुळे दक्षिणेत गव्हाचा पाव प्रतिष्ठित झाला तरी डोंगरात सपाट दगडावर, पुढे लोखंडी तव्यावर, ओटची भाकरीच भाजली जात राहिली. त्या तव्याला लोखंडाचा झाल्यावरही ‘बेकस्टोन’, म्हणजे भाजायचा दगड, हेच नाव राहिले.

भाषेतही हे धान्य खोल मुरले आहे. उत्तर इंग्लंडच्या बोलीत ओटला ‘हॅवर’ म्हणत. हा शब्द तेथे वसलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतून आलेला. त्याचाच जर्मन भाऊबंद ‘हाबर’. घोडदळातील शिपायाच्या ओटच्या पिशवीला जर्मनीत ‘हाबरझाक’ म्हणत, आणि फ्रेंचमधून फिरत तो शब्द इंग्रजीत ‘हॅवरसॅक’ झाला. सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या पाठीवरची सॅक मुळात ओटची थैली आहे. चौदाव्या शतकातील फ्रेंच बखरकार फ्रुआसार यानेही १३२७ च्या मोहिमेतील स्कॉटिश स्वारांचे वर्णन करताना सांगितले आहे, की ते खोगिराशी एक सपाट पत्रा आणि ओटच्या पिठाची पिशवी बाळगत, आणि मुक्कामाला स्वतःची पातळ भाकरी स्वतःच भाजून घेत.

हिंदुस्थान आणि ओटकेक यांचा खरा संबंध नेमका उलट्या दिशेचा आहे. यॉर्कशायरच्या ३३ व्या पायदळ पलटणीचे टोपणनाव होते ‘हॅवरकेक लॅड्स’, ओटकेकवाली पोरे. भरती करणारे सार्जंट तलवारीच्या टोकाला ओटकेक खोचून गावोगाव फिरत, पलटणीत आलात तर पोटाला कमी पडणार नाही हे दाखवायला, असे परंपरा सांगते. आर्थर वेलस्ली १७९३ साली याच पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला. तिच्याबरोबरच तो १७९७ मध्ये कलकत्त्यास उतरला, आणि १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत ती पलटण होती. (१८०३ मध्ये वेलस्लीने असईला शिंदे-भोसल्यांशी लढाई दिली तेव्हा मात्र ती त्याच्याबरोबर नव्हती, तेथील गोऱ्या पायदळ पलटणी ७४ वी आणि ७८ वी.) हिंदुस्थानात येण्यापूर्वीच या शिपायांच्या नावात तव्यावरची भाकरी होती.

यॉर्कशायरचा हॅवरकेक पुढे जवळजवळ नामशेष झाला. स्वस्त गव्हाचा पाव घरोघर पोहोचला आणि डोंगरातील तवे थंडावले. स्टोकमध्ये मात्र तसे झाले नाही. हा परिसर ‘पॉटरीज’ म्हणून ओळखला जातो. जोसाया वेजवुडने १७५९ साली याच भागातील बर्सलेममध्ये आपला कुंभारकामाचा कारखाना सुरू केला होता. टनस्टॉल, बर्सलेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन या सहा गावांचे मिळून १९१० मध्ये एक शहर झाले. बाटलीच्या आकाराच्या भट्ट्या, कोळशाच्या खाणी, आणि कारखान्यांत पुरुषांइतक्याच राबणाऱ्या स्त्रिया. अशा वस्तीत पहाटे विकत मिळणाऱ्या, हातात धरून खाता येणाऱ्या गरम अन्नाला गिऱ्हाईक भरपूर होते. ओटकेक घरच्या तव्यावरून गल्लीतल्या दुकानात गेला आणि म्हणूनच टिकला, हे अनुमान बाकीच्या अनुमानांपेक्षा सयुक्तिक वाटते.

ही दुकाने म्हणजे पुष्कळदा राहत्या घराची पुढची खोली. आत तवा, बाहेर रस्त्यावर रांग, आणि व्यवहार खिडकीतून. हॅन्लीमधील ‘होल इन द वॉल’, म्हणजे ‘भिंतीतले भोक’, हे त्या पद्धतीचे शेवटचे दुकान. पुनर्विकासाच्या योजनेत त्याची चाळवजा घरांची ओळ आली आणि मार्च २०१२ मध्ये ती खिडकी मिटली. साधी दुकाने आजही आहेत, ओटकेक अजूनही डझनावारी विकला जातो. राहत्या घराच्या खिडकीतून हात बाहेर काढून विकणारे आता कोणी नाही. चपातीच्या कथेने या शहरावर केलेला अन्याय इथे जाणवतो. पिढ्यान्‌पिढ्या तव्यापुढे उभ्या राहिलेल्या बायकांचे श्रेय ती एका काल्पनिक शिपायाला देऊन टाकते.

ज्यांना हा इतिहास तव्यावर पडताळून पाहायचा असेल, त्यांच्यासाठी कृती अवघड नाही. ओटचे बारीक पीठ २२५ ग्रॅम (बाजारातले साधे ओट मिक्सरमधून काढले तरी चालते), गव्हाचे पीठ किंवा मैदा २२५ ग्रॅम, मीठ एक चमचा आणि कोरडे यीस्ट ७ ग्रॅम एकत्र करावे. निम्मे दूध आणि निम्मे पाणी असे कोमट करून सुमारे ८५० मिलिलिटर त्यात थोडे थोडे घालावे. पीठ घावनाइतके सैल हवे. भांडे झाकून तासभर उबेत ठेवावे, म्हणजे वर बुडबुडे येतात. ओट पाणी पितो, त्यामुळे पीठ घट्ट झाल्यास थोडे पाणी आणखी घालावे. येथे गव्हाचे काम एवढेच, की गुंडाळी करताना ओटकेक मोडू नये.

बिडाचा तवा चांगला तापवून त्याला नावापुरते तेल पुसावे. पळीभर पीठ मध्ये ओतून तवा फिरवत पसरावे. वरची ओल सुकून जाळी पडली की उलटावे. एका बाजूला साधारण दोन मिनिटे पुरतात. पहिला ओटकेक बहुधा तव्याला चिकटतो, घावनासारखाच. उरलेले एकावर एक रचून फडक्यात गुंडाळून ठेवावेत. दुसऱ्या दिवशी चीज घालून पुन्हा गरम केले तरी ते मऊच राहतात.