रेल्वेच्या दारातली बस

परभणीच्या बसचा इतिहास सांगायचा तर सुरुवात रेल्वेपासून करावी लागते. या मुलखात सरकारी बस आणली ती रेल्वेनं. निजाम सरकारनं १९३० साली लंडनच्या कंपनीकडून रेल्वे विकत घेतली, आणि दोनच वर्षांनी, जून १९३२ मध्ये, त्याच रेल्वेच्या कारभारात रोड ट्रान्सपोर्ट खातं उघडलं. सुरुवातीला खात्याकडे २७ गाड्या होत्या आणि १६६ माणसं. पुढे हे जाळं संस्थानभर पसरलं आणि मराठवाड्यातल्या रस्त्यांवरही रेल्वेच्या बस धावू लागल्या. लंडनमध्ये भुयारी रेल्वे, ट्राम आणि बस एका मंडळाखाली आल्या त्या जुलै १९३३ मध्ये. म्हणजे आगगाडी आणि बस यांचा विचार एका टेबलावर करायचं पाऊल हैदराबाद संस्थानानं लंडनच्या वर्षभर आधी टाकलं होतं.

मी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी परभणी विभागात गेली. चौकशीच्या खिडकीत बसून वेळापत्रक सांभाळणं हेच काम होतं, त्यामुळे हा इतिहास मला कागदावरचा वाटत नाही. आगगाडी आणि बस यांनी एकमेकींची वेळ पाहून चालावं, हा विचार या मातीत एकदा रुजला होता. तो पुन्हा रुजवता येतो, अशी माझी खात्री आहे, आणि परभणीसारख्या शहराला आज त्याची फार गरज आहे.

हैदराबाद–मनमाड हा मीटरगेज रेल्वेमार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला. गोदावरीच्या खोऱ्यातून जातो म्हणून त्याला गोदावरी व्हॅली रेल्वे म्हणत. पूर्णेहून हिंगोलीचा फाटा १९१२ साली निघाला, पुढे परळीकडची लाइन जोडली गेली आणि परभणी जंक्शन झालं. रेल्वेनं या जिल्ह्याचा व्यापार बदलला. परभणी, सेलू, मानवतचा कापूस गाठी बांधून मुंबईकडे जाऊ लागला. मीटरगेज मनमाडला संपायचं, पुढे ब्रॉडगेज. तिथं माणूस उतरून दुसऱ्या गाडीत बसायचा आणि माल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात हलवायचा. मराठवाड्याच्या पिढ्यान् पिढ्यांनी मुंबईची वाट मनमाडच्या फलाटावर ताटकळत काढली आहे.

रेल्वे आली, पण सगळ्यांच्या दारात आली नाही. जिंतूर, पाथरी, सोनपेठ, पालम या तालुक्याच्या गावांना आजही रेल्वे नाही. मानवतच्या नावाचं स्टेशन आहे, मानवत रोड, पण ते गावापासून काही किलोमीटर लांब. पाथरीकरांनाही तेच स्टेशन. आमचं गाव जिंतूर तालुक्यातलं. आजोबा बैलगाडीत कापूस भरून सेलूच्या स्टेशनकडे निघायचे ते रात्रीचेच, म्हणजे बैलांना ऊन लागू नये. पावसाळा लागला की गाडीवाट बंद. या जिल्ह्याची जमीन काळी, भारी. पाणी पडलं की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर खडी-मुरमाचा भक्कम पाया न घालता रस्ता केला, तर तो दोन पावसाळेसुद्धा टिकत नाही. स्टेशनपासून गावापर्यंतचं शेवटचं अंतर हीच इथल्या प्रवासाची खरी अडचण होती.

मोटारी आल्या तेव्हा ही अडचण सुटेल असं वाटलं. पण खासगी मोटारवाले धंदा पाहूनच गाडी काढत. जिथं आधीच आगगाडी आहे त्या रस्त्यावर गर्दी जास्त, म्हणून गाड्याही तिथंच, रेल्वेला समांतर. इंग्रजी मुलखातही हीच तक्रार होती, आणि रेल्वे व मोटार यांच्या चढाओढीवर तिथं चौकश्या बसल्या. हैदराबादनं निराळा मार्ग धरला. बस रेल्वेच्याच हाती दिली. एकच मालक असला की बसला रेल्वेचे प्रवासी पळवण्यात लाभ उरत नाही. स्टेशनपर्यंत प्रवासी आणून देण्यात आणि तिथून गावाकडे नेण्यातच तिचा लाभ. या खात्याच्या गाड्यांच्या क्रमांकात झेड अक्षर असे. निजामाच्या आईचं नाव झहरा बेगम, त्यावरून ते आलं, असं हैदराबादेत सांगतात. तेलंगणातल्या सरकारी बसच्या क्रमांकात ते अक्षर अजून दिसतं.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झालं. त्याच वर्षी १ जूनला मुंबई राज्यात पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी सुटली होती, पण मराठवाडा तेव्हा त्या नकाशात नव्हता. यानंतर आमच्याकडे जे घडलं ते राज्यकारभाराच्या दृष्टीनं बरोबरच होतं, पण प्रवाशाच्या दृष्टीनं एक दोरा त्यात तुटला. संस्थानची रेल्वे १९५० मध्ये केंद्र सरकारकडे गेली. नोव्हेंबर १९५१ मध्ये बसखातं रेल्वेपासून वेगळं होऊन हैदराबाद राज्याकडे आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि बसही मुंबईकडे आली. १९६१ मध्ये मराठवाड्याची बससेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात मिळाली. रेल्वेचं उलट झालं. आधी मध्य रेल्वे, मग २ ऑक्टोबर १९६६ पासून दक्षिण मध्य रेल्वे, मुख्यालय सिकंदराबाद. परभणीतलं स्टेशन आणि परभणीतलं बसस्थानक पायी जाण्याइतक्या अंतरावर आहेत. पण एकाचा हुकूम सिकंदराबादहून येतो आणि दुसऱ्याचा मुंबईहून.

तरीही एसटीनं या जिल्ह्यात जे केलं ते रेल्वेला कधी जमलं नसतं. ती खेड्यात गेली. १९७२ च्या दुष्काळात हजारो माणसं खडी फोडायला, माती टाकायला रस्त्याच्या कामांवर होती. त्या कामांतून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला, आणि त्या खडीच्या कितीतरी रस्त्यांवरून पुढे लाल गाडी गेली. परभणी, जिंतूर, गंगाखेड, पाथरी, हिंगोली, वसमत, कळमनुरी अशी सात आगारं परभणी विभागात आहेत. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, पण एसटीचा विभाग एकच राहिला.

एसटीचं शहाणपण पाहायचं असेल तर मुक्कामी गाडी पाहावी. संध्याकाळी आगारातून निघायची, वाटेतली गावं घेत शेवटच्या गावी रात्री पोचायची आणि तिथंच थांबायची. चालक-वाहक शाळेच्या वऱ्हांड्यात, ग्रामपंचायतीच्या खोलीत, नाहीतर गाडीतच सिटांवर अंग टाकायचे. घरोघरी विचारणा असायची, ‘मास्तर, जेवण झालं का?’ झोपण्याआधी वाहक कंदिलाच्या उजेडात हिशेब मिळवायचा. पत्र्याच्या ट्रेमध्ये वेगवेगळ्या दरांच्या तिकिटांच्या गड्ड्या, प्रत्येक गड्डीचा वरचा नंबर वेबिलवर उतरवायचा, विकलेली तिकिटं गुणिले दर, आणि चामडी पिशवीतली रोकड त्याच्याशी जुळायला हवी. सहा किलोमीटरला एक टप्पा, आणि प्रत्येक टप्प्याला नोंद. पहाटे तीच गाडी उलट निघायची. तिच्यात कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेली म्हातारी, कोर्टात तारीख असलेला शेतकरी, भाजीची टोपली घेतलेली बाई.

कागदावर मुक्कामी गाडीची रात्रीची फेरी तोट्यात दिसते, भारमान कमी. सकाळची फेरी उभ्यानं भरते. रात्रीची फेरी भारमान पाहून बंद केली तर सकाळची आपोआप जाते आणि त्या गावच्या मुलींचं कॉलेज सुटतं. फेरीकडे एकेकटं पाहायचं नसतं, साखळीकडे पाहायचं असतं, हे मला या गाडीनं शिकवलं. मुलींना शाळेसाठी मोफत पास मिळाला, २०११ नंतर मानव विकासच्या निळ्या गाड्या खास मुलींसाठी आल्या, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. प्रत्येक वेळी स्थानकावरची गर्दी बदललेली डोळ्यांनी दिसली. आधी नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून येणाऱ्या बायका आता दोघी-तिघी मिळून बाजाराला येतात.

पण जी साखळी गावापासून तालुक्यापर्यंत नीट जुळली, ती स्टेशनवर येऊन तुटते. मुंबईहून देवगिरी एक्सप्रेस सकाळी परभणीला येते. तपोवन आहे, मराठवाडा एक्सप्रेस आहे, नंदीग्राम आहे. गाडी आली की स्टेशनकडून बोचकी घेतलेल्या माणसांचा लोंढा स्थानकात शिरतो. मी खिडकीत असताना एक आजी हमखास विचारायची, ‘लेकरा, जिंतूरची कव्हा लागंल?’ आणि बरेचदा उत्तर असायचं, ‘आजी, आत्ताच गेली.’ रेल्वेचं वेळापत्रक बदललं की आम्हाला कळायचं ते वर्तमानपत्रातून. एसटीच्या फेऱ्या बदलल्या तर रेल्वेला कळायचं कारण नाही. अशा मधल्या अर्ध्या-पाऊण तासात काळी-पिवळी जीप भरायची. जीपवाल्यांना मी दोष देत नाही. त्यांना आगगाडीची वेळ तोंडपाठ होती.

१९९० च्या दशकात ब्रॉडगेज आलं. त्यासाठी गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेनं वर्षानुवर्षं लढा दिला. मनमाडची अदलाबदल संपली. परभणी–मुदखेड मार्ग दुहेरी झाला, आणि छत्रपती संभाजीनगर–परभणी दुहेरीकरणाला २०२५ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली. एकेरी मार्गावर समोरच्या गाडीला वाट देण्यात वेळ जातो आणि उशीर होतो. उशीर नेमका नसला की बस थांबवून धरता येत नाही. दुहेरी मार्गानं ती सबबही कमी होईल.

इकडे शहर वाढलं. १९७२ साली कृषी विद्यापीठ झालं, महानगरपालिका नोव्हेंबर २०११ मध्ये. त्या वर्षीच्या जनगणनेत परभणीची लोकसंख्या ३,०७,१७० होती. वसमत रस्ता, जिंतूर रस्ता, गंगाखेड रस्ता, पाथरी रस्ता अशा चारी अंगांनी वस्ती पसरली. नानलपेठ, गांधी पार्क भागात सकाळी अकरा वाजता चालायला जागा नसते. फेब्रुवारीत तुराबुल हक बाबांचा उरूस भरला की दर्गा रस्त्यावर माणूसच माणूस. शहरातली ये-जा मुख्यतः ॲटो आणि दुचाकीवर चालते. ज्याच्याकडे दुचाकी नाही, म्हणजे शाळकरी मूल, म्हातारं माणूस, घरकाम करणारी बाई, त्याला ॲटो भरायची वाट पाहावी लागते. ३ लाखांपुढच्या शहरांसाठी केंद्राची ई-बस योजना २०२३ पासून आहे. रस्त्यावर वाहनं किती नेता येतात यापेक्षा माणसं किती नेता येतात ते पाहा, हे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचं मूळ सूत्र. बस नव्या येतील, विजेवरच्या येतील. त्या स्टेशनची वेळ न पाहता धावल्या, तर जीपवाल्याच्या मागेच राहतील.

स्वित्झर्लंडनं १९८२ साली देशभर एक शिस्त लावली: गाडी दर तासाला, ठरलेल्या मिनिटाला सुटणार, आणि डोंगरातल्या खेड्याची पिवळी टपालबस तिच्या वेळेला स्टेशनबाहेर उभी असणार. आधी प्रवाशाची जोडणी ठरते, मग त्यासाठी कुठं रूळ, कुठं पूल लागतो ते पाहतात. निजामाच्या रेल्वेनं हीच दिशा पन्नास वर्षं आधी पकडली होती.

परभणीत हे करायला नवं महामंडळ नको. रेल्वेचं वेळापत्रक बदलतं तेव्हा रेल्वेचा नांदेड विभाग, एसटीचा परभणी विभाग आणि महापालिका यांचे अधिकारी एका टेबलाशी बसावेत. प्रत्येक मोठ्या आगगाडीनंतर वीस मिनिटांनी सुटणारी एकेक बस चारही दिशांना ठरवावी, आणि गाडीला उशीर झाला तर ती किती मिनिटं धरायची हे नियंत्रकाला लेखी द्यावं. स्टेशन आणि स्थानक यांच्यामध्ये सलग, सावलीचा पदपथ असावा, डोक्यावर बोचकं घेऊन चालता येईल असा. शहरबस आलीच तर तिच्या फेऱ्याही याच घड्याळाला बांधाव्यात. सुरुवात जिंतूरच्या बसपासून करावी. तालुका मोठा आहे, रेल्वे नाही, आणि देवगिरीनं उतरणाऱ्यांत जिंतूरकर कायम असतात. एक जोडणी सहा महिने न चुकता पाळली, तर बाकीच्या तीन रस्त्यांची मागणी लोक स्वतःहून करतील.