अण्णांची लय आणि तांबड्या रेघा

गेल्या दिवाळीतली गोष्ट. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान उरकून, चकली चहात बुडवावी की नुसतीच खावी या सनातन प्रश्नावर मी विचार करीत बसलो होतो. तोच सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बाहेर आली नि दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, माडीवर अण्णांचा पखवाज वाजतोय!"

माझे वडील जाऊन पंधरा वर्षे झाली. त्यांचा पखवाज माळ्यावर उलटा पडला आहे. त्याची शाई केव्हाच उडाली. तेव्हा मी जिन्याच्या चार पायऱ्या एका दमात चढलो हे सांगायला नको. पाहतो तो काय, ताईचा मुलगा संगणकापुढे मांडी घालून बसला आहे आणि अण्णांच्या हातच्या चार मात्रा, एखाद्या थकलेल्या बैलगाडीसारख्या, पुन्हा पुन्हा वाजत आहेत. १९९४ सालच्या आषाढी एकादशीला आमच्या गावच्या देवळात झालेल्या भजनाची एक कॅसेट ताईकडे होती. तिच्यावरून त्याने दोन मिनिटे दहा सेकंदांचा तुकडा संगणकात उतरवून घेतला होता आणि वेग पावपट करून तो ऐकत होता.

"मामा, मी मॅप बनवतोय," तो म्हणाला.

मॅप म्हणजे नकाशा एवढे मला ठाऊक होते. हा नकाशा कशाचा, ते कळायला मात्र सगळी सुट्टी खर्ची पडली. त्या सुट्टीत जे कळले आणि पुढे पुस्तके चाळून जे जमवले, ते वाचकांपुढे ठेवतो. मी कादंबऱ्या लिहिणारा शाळामास्तर; यंत्रातला जाणकार नव्हे. पण शिकणे आणि शिकवणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि ही हकीगत त्याच धंद्याची आहे.

लयीचे खेळ जपानात रुजले. १९९६ साली मासाया मात्सुउरा यांचा 'पाराप्पा द रॅपर' निघाला. त्याची रचना पाहून मला हसू आले. पाराप्पा नावाचे कुत्र्याचे पोर. त्याला शिकवायला एक कांद्याच्या डोक्याचा कराटेगुरू, मोटार शिकवणारी एक सांबरीण, स्वयंपाक शिकवणारी एक कोंबडी. गुरूने एक ओळ म्हणायची, शिष्याने तीच लयीत बटणे दाबून परत म्हणायची. आमच्या पहिलीच्या वर्गात पाढे याहून निराळ्या रीतीने शिकवले जात नाहीत! पुढल्याच वर्षी कोनामी कंपनीचा 'बीटमॅनिया' आला आणि १९९८ साली पायांनी खेळायचा 'डान्स डान्स रेव्होल्यूशन'. बाण वर सरकत येतात. बाण ठरल्या जागी पोहोचताच खालच्या पाटावरच्या त्याच दिशेवर पाय पडला पाहिजे. क्षणभर आधी नाही, क्षणभर नंतर नाही.

आता कोणत्या मात्रेवर कोणता बाण हे आधी कोणीतरी बसून ठरवलेले असते. ते ठरवण्याचे साधन म्हणजे 'एडिटर', आणि माझा भाचा ज्याच्याशी झुंजत होता तो हाच.

या साधनाचे कूळ शोधता शोधता मी जपानातून निघून थेट शंभर-सव्वाशे वर्षे मागे, आपोआप वाजणाऱ्या पियानोपाशी जाऊन पोहोचलो. त्या पियानोत कागदाची गुंडाळी सरकत असे. कागदाला जेथे भोक, तेथे हवा शिरून तो स्वर वाजे. प्रत्येक कारखान्याच्या गुंडाळीचे माप वेगळे. अखेर १९०८ साली अमेरिकेत बफेलो येथे कारखानदारांची बैठक भरली आणि अठ्ठ्याऐंशी स्वरांच्या गुंडाळीला इंचाला नऊ भोके हे माप ठरले. छापील स्वरलिपी पुढे ठेवून, पट्टीने आखून, पेन्सिलीने खुणा करून ही भोके पाडणारे कारागीर असत. आजच्या संगीताच्या संगणकी साधनांतही आडव्या रेघांचा जो तक्ता दिसतो, त्याला 'पियानो रोल' म्हणतात. कागद गेला, पण नाव टिकले.

पण पट्टीने आखलेल्या गुंडाळीत एक उणीव होती. ती अचूक वाजे आणि म्हणूनच निर्जीव वाजे. माणूस वाजवताना कोठे रेंगाळतो, कोठे घाई करतो. पट्टीला ते कसे कळणार? यावर दोन तोडगे निघाले. जर्मनीत फ्रायबुर्गच्या वेल्टे कंपनीने १९०४ साली असे यंत्र काढले की वादकाने वाजवावे आणि त्याची सगळी चढउतार कागदावर उमटावी. साँ-साँस, ग्रीग, देबुसी यांचे हात अशा रीतीने कागदात राहिले. दुसरा तोडगा मला त्याहून गोड वाटला. 'पियानोला'च्या गुंडाळीवर एक वाकडीतिकडी तांबडी रेघ काढलेली असे. ऐकणाऱ्याने वेगाच्या दांड्याचे टोक त्या रेघेवरून फिरवीत न्यायचे. रेघ वळेल तशी लय वळे. त्याला 'मेट्रोस्टाइल' म्हणत. ही तांबडी रेघ वाचकांनी ध्यानात ठेवावी; ती पुन्हा भेटणार आहे.

तर परत जपान. 'बीटमॅनिया'च्या नादी लागलेल्यांना आपल्या आवडीच्या गाण्यावर खेळ रचावासा वाटला. १९९८ साली उराओ याने या गृहस्थाने त्यासाठी 'बीएमएस' नावाची एक लिपी काढली. लिपीच म्हणतो, कारण ती साधी अक्षरांची फाइल असते. ओळीच्या आरंभी तीन आकडे आवर्तनाचे, मग दोन आकडे कोणत्या कळीचे, विसर्गासारखी दोन टिंबे, आणि पुढे अक्षरांच्या जोड्या. आवर्तनाचे जितके भाग तितक्या जोड्या. जेथे काही नाही तेथे दोन शून्ये. मी ते पाहिले आणि पंडित भातखंड्यांच्या पुस्तकातले ताल आठवले. समेला फुली, खालीला शून्य, मात्रामात्रांची घरे. रिकाम्या घराचीही नोंद हवी, हे मृदंग्याला आणि संगणकाला सारखेच मान्य!

२००१ साली 'स्टेपमॅनिया' आला. तो कोणालाही फुकट घेता येई आणि त्यातच रचनेचे साधनही होते. मग १६ सप्टेंबर २००७ रोजी डीन हर्बर्ट या ऑस्ट्रेलियन तरुणाने 'ओसू' प्रसिद्ध केला. निन्टेन्डोच्या छोट्या यंत्रावरच्या २००५ सालच्या एका जपानी खेळावरून त्याला ते सुचले. पण हर्बर्टच्या खेळाचे वैशिष्ट्य हे की त्यातले खेळ खेळणारेच रचतात. पुढे २०१८ साली प्रागहून 'बीट सेबर' निघाला, तेव्हा कंपनीचे रचनेचे साधन येण्याची वाटही लोकांनी पाहिली नाही. स्वतःच एक करून मोकळे झाले.

माझा भाचा 'ओसू'वाला. त्या खेळात जपानी 'तायको' ढोलाचा एक प्रकार आहे, तो त्याने निवडला होता. तांबडा ठिपका आला की ढोलाच्या मध्यावर, निळा आला की काठावर. मोठा ठिपका आला की दोन्ही हातांनी एकदम. "मामा, 'धा'ला दोन्ही हात लागतात ना? मग 'धा' मोठा ठिपका," असे तो म्हणाला तेव्हा पोरात अण्णांचे रक्त आहे, अशी माझी खात्री पटली.

पण गाडे अडले होते. एडिटरला प्रथम दोन गोष्टी सांगाव्या लागतात: गाण्याची पहिली मात्रा नेमकी किती सहस्रांश सेकंदांवर पडते, आणि मिनिटाला मात्रा किती. एवढे सांगितले की तो शेवटपर्यंत सारख्या अंतरावर रेघा मारून देतो. मात्रेवर पांढरी रेघ, अर्ध्यावर तांबडी, पावावर निळी. नवशिक्याने आरंभी लहानसे, यंत्राच्या तालावरचे गाणे घ्यावे, असे जाणते सांगतात, ते याचसाठी. आमच्या चिरंजिवांनी घेतले भजन! त्यांनी मिनिटाला ब्याण्णव मात्रा धरल्या आणि मिनिटभरात पखवाज रेघांच्या दोन मात्रा पुढे निघून गेला. वारकरी भजन चढत जाते हे यंत्राला कोण सांगणार?

मग त्याने काय केले, तर दुसऱ्या एका साधनाने अण्णांचे वादनच ठोकून सरळ केले. मला ते ऐकवले. प्रत्येक 'धा' रेघेवर बरोबर पडत होता, आणि ते अण्णा नव्हते. शाळेची घंटा होती. मी काही बोललो नाही, पण त्याला कळले असावे, कारण त्याने ती फाइल माझ्यादेखत पुसली आणि उठून गच्चीवर गेला. त्या रात्री तो जेवला नाही. ताई मला म्हणाली, "दादा, तू त्याला काही बोललास का?" काही न बोलण्यानेही मुले दुखावतात, हे वीस वर्षे मास्तरकी करून मला ठाऊक असायला हवे होते.

त्याला वाट दाखवली ती दुसऱ्याच कोणी. या खेळाच्या मंडळींत जाणत्यांनी नवशिक्याला काही आठवडे हाताशी धरून शिकवायची चाल आहे. शिवाय एकाची रचना दुसऱ्याने तपासायची. तिला 'मॉडिंग' म्हणतात. नेमलेल्या परीक्षकांपैकी दोघांनी पसंत केल्यावाचून रचना मान्यतेच्या यादीकडे जात नाही. एके काळी चांगल्या सूचनेबद्दल 'कुडोसू' नावाचे गुणही मिळत. भाच्याची रचना दूरदेशीच्या अशाच एका जाणत्याने तपासली होती. ती टिपणे त्याने मला मराठी करून वाचून दाखवली, आणि मला माझी लाज वाटली. मी मुलांच्या वहीवर तांबड्या शाईने 'नीट लिहा' एवढेच लिहितो. या गृहस्थाने लिहिले होते: अमुक मिनिट, अमुक सेकंद, अमुक सहस्रांश, येथे ठिपका आहे, पण आवाज नाही, तू ऐकलेस ते पुढच्या घरात आहे, वेग कमी करून ऐक. अशी एकोणीस टिपणे. ठिपक्यांची गर्दी करू नये, जे वाजते आहे तेच लिहावे, हेही त्यातच. आणि शेवटी एक वाक्य: गाणे सरळ करू नकोस, रेघा वाकव.

रेघा वाकवायच्या म्हणजे जेथे लय बदलते तेथे नवे वेगचिन्ह ठेवायचे. आणि या चिन्हाला त्या मंडळींच्या बोलीत म्हणतात काय? तांबडी रेघ! पियानोलावाल्यांशी यांचा काही संबंध असेल असे मला वाटत नाही. पण मी मात्र खुर्चीवरून उठलो.

मग आम्ही दोघे बसलो. आठ मात्रांचा भजनी ठेका; दर आवर्तनाला सम शोधायची, तिच्यावर तांबडी रेघ ठेवायची, मात्रांचा वेग लिहायचा. संगणक त्याचा, कान माझे. अण्णांची सम मला झोपेतही ओळखू येते. भाचा विचारी, "मामा, ही का?" आणि मी म्हणे, "अरे, ही नव्हे. हा नुसता हात आला. थांब... ही!" ब्याण्णव, ब्याण्णव, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. अण्णा कसे चढतात ते आकड्यांत दिसू लागले.

एक मिनिट बारा सेकंदांपाशी भाचा थबकला. "मामा, इथे एकदम एकशे एक. मग शंभर. मग शहाण्णव. इथे काय झालं?"

काय झाले ते मला पक्के ठाऊक होते. त्या एकादशीला मी चौदा वर्षांचा होतो आणि अण्णांच्या शेजारी टाळ घेऊन उभा होतो. देऊळ भरलेले, माझ्या अंगात वारे शिरले आणि माझा टाळ पुढे पळाला. भजन मोडले अशीच माझी समजूत होती. अण्णा त्यावर कधी अवाक्षर बोलले नाहीत, आणि मी त्यांचे न बोलणे तीस वर्षे मनात बाळगले. पुढे मी टाळ धरला नाही.

आम्ही तो तुकडा पावपट वेगाने ऐकला. माझा टाळ पुढे जातो. एक आवर्तनभर पखवाज मागे राहतो. मग अण्णा धावतात. 'धा' टाळावर येऊन पडतो, अगदी नेमका. दोन आवर्तने ते माझ्या वेगाने वाजवतात आणि तिसऱ्यापासून हळूहळू, कोणाला कळू नये असे, मला खाली आणतात. मागचे वारकरी गातच आहेत. भजन कोठेही मोडलेले नाही.

"इथे तीन रेघा लागतील," मी म्हणालो. त्याने चार ठेवल्या.

एकंदर एकतीस तांबड्या रेघा झाल्या. सर्वांत सोप्या पातळीला त्या प्रकारात 'कान्तान' म्हणतात आणि अवघडाला 'ओनी', म्हणजे राक्षस. भाच्याने दोन्ही रचल्या. रचना अजून परीक्षकांपुढे गेलेली नाही. त्या दूरच्या मास्तरांनी आणखी सात टिपणे पाठवली आहेत. भाऊबीजेला ताईने ओवाळून झाल्यावर पदर खोचला आणि 'कान्तान' खेळून पाहिली. एक मिनिट बारा सेकंदांपाशी तिचे चार ठिपके हुकले, आणि ती माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, हा तुझा टाळ ना रे?"